दुसऱ्याच्या नावाचा हंगाम

यंदाही दिवाळी सरली आणि सांगलीच्या हवेत मळीचा वास उतरला. कारखान्याची चिमणी पेटली की दोन-तीन दिवसांत हा वास घराघरांत शिरतो. आंबूस, गोड, थोडा कुजका. परगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो वास म्हणजे थंडीची वर्दी. दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे बारीक कण पडतात आणि रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून डुलत जातात. गेली कित्येक वर्षं हा वास आला की मी दारं-खिडक्या लावून घ्यायचो. यंदा लावल्या नाहीत. मी गॅलरीत खुर्ची टाकली आणि छाती भरून वास घेतला.

"आबा, दार ओढून घ्या, काजळी आत येते," सून म्हणाली.

"येऊ दे गं," म्हटलं. "काही होत नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. काजळीवरून घरात सगळ्यात जास्त चिडचिड करणारा माणूस आजवर मीच होतो.

मी फुटबॉलवर पोट भरलं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "ते झालं, पण नोकरी कुठं होती?" नोकरी अशी नव्हतीच. मिरजेत रेल्वेच्या चाळीत वाढलो. रुळांशेजारच्या मोकळ्या जागेत अनवाणी खेळून पाय तयार झाले आणि त्या पायांना ज्यानं बोलावलं त्याच्याकडं ते गेले. मोठ्या संघात मी कधी पोचलो नाही. तेवढा खेळ माझ्यात नव्हता, हे मला फार लवकर कळलं होतं. पण लहान संघांनाही असा एक माणूस लागतोच. उंच, दमाचा, मागं उभा राहून ओरडणारा, आणि हंगाम संपला की मुकाट्यानं उठून जाणारा. कोल्हापूरच्या पेठा झाल्या, बेळगाव झालं, हुबळी झाली, पुण्यात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडणारी एक टीम झाली. एका पिशवीत बूट आणि दुसऱ्या पिशवीत बाकीचं आयुष्य. बूट असलेली पिशवी जास्त जपायचो.

बाहेरून आणलेल्या खेळाडूला लोक लगेच ओळखायचे. तेव्हा सायकली तासाच्या बोलीनं भाड्यानं मिळत, त्यामुळं आम्हाला नाव पडलं होतं 'भाड्याची सायकल'. माझ्या पायातून चेंडू निसटला की कट्ट्यावरून हमखास हाळी यायची, "ए भाड्याची सायकल, तास संपला! नेऊन लाव दुकानात!" मैदान हसायचं. मलाही हसू यायचं. बहुतेक वेळा.

आणि माझं स्वतःचं नाव? ते त्या वर्षांत फारसं कुणाच्या तोंडी आलंच नाही. मी 'मिरजेचा बॅक' होतो, 'उंचा' होतो, नाहीतर 'पाहुणा'. वसंता म्हणून हाक मारणारी माणसं मिरजेच्या चाळीत राहिली होती. नाव वापरात नसलं की गंजतं का, कोण जाणे. पण एका हंगामात मी दुसऱ्याचं नाव अंगावर घातलं आणि ते मला फार सैल झालं, एवढं खरं.

तो हंगाम कऱ्हाडच्या बाजूच्या एका साखर कारखान्याचा. कारखान्याला टीमची हौस होती. आमचं सरावाचं मैदान बॉयलरची राख टाकून सपाट केलेलं होतं. काळंभोर मैदान. पडलं की गुडघ्यावरचा ओरखडासुद्धा काळा उठायचा. भल्या सकाळी दवात भिजलेल्या त्या राखेवर आम्ही पळायचो तेव्हा शेजारी उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. बैल रवंथ करत आमच्याकडं बघायचे. गाडीवान जास्त जाणकारीनं बघायचे. "आरं, आमचा बैल बरा पळतुया की ह्येच्यापरास!" असा अभिप्राय मला तिथं पहिल्याच दिवशी मिळाला. सराव संपला की कुणीतरी गाडीतली उसाची कांडी ओढून द्यायचा. गुडघ्यावर मोडून, दातांनी सोलून खाल्लेल्या त्या गार उसाची चव नंतर कुठल्याच गावी मिळाली नाही.

कारखान्याच्या खोलीत माझ्याबरोबर राहायचा मारुती. कोरेगावकडचा, गव्हाणीवर कामाला. गाडीतला ऊस जिथून आत ओढला जातो ती गव्हाण. दिवसभर उसाच्या मोळ्यांशी झोंबून त्याचे दंड लोखंडासारखे झाले होते, पण माणूस असा मऊ, की मैदानात कुणाला धक्का लागला तर आधी "लागलं का रं?" विचारायचा आणि मग चेंडूकडं बघायचा. माझ्यासारखाच तोही बॅक.

साताऱ्याला कारखान्याकारखान्यांची स्पर्धा होती. तिच्यात फक्त कायम कामगारांना खेळता यायचं, त्यामुळं मी कट्ट्यावर आणि मारुती मैदानात. आमची टीम अंतिम सामन्यात पोचली, आणि नेमका त्याच दिवशी मारुतीच्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त निघाला. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं फुटबॉल आणि लग्नं एकदमच सुरू होतात. टीमचे कारभारी म्हणाले, समोरच्यांनी मारुतीला कुठं बघितलंय? उंच माणूस पाहिजे, उंच माणूस हाय. असं तेव्हा सर्रास चालायचं. कुणाला त्यात मोठं पाप वाटत नसे.

मारुतीनं मुंडावळ्या, फेटे, पत्रावळी असलं काय काय पिशवीत भरता भरता मला सांगितलं, "घाल गड्या माझं नाव. पण इस्त्रीचा सदरा हाय म्हणून घाल. डाग पाडू नको."

"धुऊन देतो परत," मी म्हटलं. दोघंही हसलो.

आता साताऱ्याचं ते मैदान. दुपारचं ऊन, फक्कीच्या पांढऱ्या रेषा, अजिंक्यताऱ्याच्या बाजूनं येणारा वारा. समोरच्या टीममध्ये बिरा नावाचा एक पोरगा होता. माणदेशातला, धनगराच्या घरातला. मेंढरांमागं माळ तुडवून तयार झालेले त्याचे पाय. त्याला फुटबॉल कुणी शिकवला नसावा. मेंढरू वळवतात तसा तो चेंडू वळवायचा. त्यानं मला एकदा चकवलं. पुन्हा चकवलं. लोक हसले. माझं नाव, म्हणजे मारुतीचं नाव, घेऊन हसले. आमच्याच बाजूच्या, खरी गोष्ट माहीत असलेल्या कुणीतरी हळूच हाळी घातली, "सायकल पंक्चर झाली रं!"

तिसऱ्यांदा तो माझ्या अंगावरून निघाला तेव्हा चेंडू पुढं गेलेला होता. हे मी आता स्वच्छ लिहितो. इतकी वर्षं मनातल्या मनात मी तो चेंडू अर्धा हात मागं आणून ठेवत होतो. म्हणजे पाय चेंडूकडं टाकला असं म्हणता यावं. चेंडू गेला होता. मला दिसत होतं. मी पाय टाकला. वाळलं चिपाड मोडावं तसा आवाज आला.

त्याहून मोठं एक आहे. माझ्या नावानं खेळत असतो तर मी तो पाय टाकला असता का? पुढची सगळी वर्षं मी बॅक म्हणूनच खेळलो, आणि असा पाय ना त्याआधी कधी टाकला होता, ना त्यानंतर टाकला. आपल्या नावाला आपण किती धरून असतो, ते नाव काढून ठेवल्यावर कळतं. त्या दिवशी माझ्या पायाला वेसण नव्हती. जे होईल ते मारुतीच्या खाती जाणार होतं.

सामना आम्ही जिंकलो. चषक आला, पेढे आले. कारभारी म्हणाले, "पाहुणं, आता दोन दिवस दिसू नका. उगाच कोण ओळखंल." हुबळीचं बोलावणं आलेलंच होतं. निघण्याआधी मी साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यापाशी गेलो. फाटकाबाहेर फळांचा गाडा होता. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून मोसंबी घेतली. वॉर्डाच्या दाराशी एक शिपाई स्टुलावर बसला होता.

"पाय मोडलेला खेळाडू हाय का इथं?"

"हाय की. कोण आलंय म्हणून सांगू?"

वसंता म्हणून सांगावं तर चषक जातो आणि मारुतीची नोकरीही. मारुती म्हणून सांगावं तर त्या पोराच्या तोंडावर खोटं बोलायचं, तेही तो पडलेला असताना. शिपाई वाट बघत होता. जगातला सगळ्यात सोपा प्रश्न विचारल्यासारखा.

"चुकून आलो," म्हणालो आणि वळलो.

ती मोसंबी मी मिरजेहून हुबळीला जाताना गाडीत खाल्ली. एकेक करून सगळी. टाकून द्यायचं धाडस झालं नाही आणि कुणाला द्यायचं सुचलं नाही. नंतर मोसंबी माझ्या घरात आली नाहीत. बायको विचारायची, मी म्हणायचो आंबट ढेकर येतात. साताऱ्याहून बोलावणं आलं तर नको म्हणायचो. महाबळेश्वरला सहल निघाली तरी मला हमखास ताप यायचा. माणूस काय काय करून एक शहर टाळू शकतो!

मागच्या हिवाळ्यात माझा गुडघा बदलला. आयुष्यभर वापरलेली वस्तू, कधीतरी जाणारच. मिरजेच्या दवाखान्यात पडून होतो तेव्हा त्या कारखान्याच्या टीमचा गोलकीपर, आता पार वाकलेला, मला बघायला आला. कुठून कळलं त्याला देव जाणे. पिशवीत मोसंबी. बोलता बोलता म्हणाला, "मारुती हाय अजून. कोरेगावच्या बाजूला लोक त्याला अजून हाडमोड्या म्हणत्यात बघ."

तो हसत होता. मी भिंतीकडं तोंड केलं. म्हणजे तो डाग अजून निघाला नव्हता. जो माणूस धक्का लागला तरी आधी चौकशी करायचा, त्याला म्हातारपणी हाडमोड्या म्हणतात, आणि मी इथं नवा गुडघा घालून पडलोय. त्याच दिवशी ठरवलं, चालायला यायला लागलं की पहिली वाट कोरेगावची.

यंदा हंगाम सुरू होता होता गेलो. एसटीतून उतरून मारुतीचं घर विचारलं तर पानपट्टीवाला म्हणाला, "कोण, हाडमोडे तात्या? जावा की सरळ." सरळ जायचं सोडून मी आधी त्याच्या बाकावर टेकलो. नव्या गुडघ्याचं निमित्त होतंच.

मारुती अंगणात शेंगा फोडत बसला होता. मला ओळखायला त्याला दोन क्षण लागले. मग सूप बाजूला सारलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं वसंता! सदरा द्यायला आलास व्हय?"

मला रडू फुटलं. सगळं पाठ केलेलं बोलणं विस्कटलं. मी म्हटलं, चल, तुझ्या गावच्या चावडीवर सांगतो, पाय मी मोडला. तुझ्या मुलांना सांगतो. पेपरात लिहितो. तुझ्या नावाला माझ्यामुळं जे लागलं ते...

"ए, गप," मारुती घाबरून आत बघत म्हणाला. "असलं काय करू नको. लय नुसकान हुईल."

"कुणाचं?"

"माझं, गड्या!"

मग त्यानं सांगायला सुरुवात केली आणि मी शेंगा हातात धरून नुसता ऐकत राहिलो. बहिणीची पाठवणी करून तो परत निघाला तर एसटीतच कंडक्टर म्हणाला, "मारुती, कुणाचा पाय मोडलास रं?" "मी तर लग्नात पंगत वाढत हुतो! पर बोलायची सोय न्हाई." गव्हाणीपाशी गाडीवानांची रोज नंबरावरून हाणामारी चालायची. त्याला तिथं कुणी मोजत नसे. त्या दिवसापासून तो नुसता उभा राहिला तरी रांग सरळ व्हायची. पुढं बांधावरची भांडणं मिटवायला त्याला नेऊ लागले, तंट्यात पंच म्हणून बसवू लागले. "मला कोंबडी कापवत न्हाई, वसंता. पर हाडमोड्या आलाय म्हणलं की निम्मं भांडण तितंच मिटायचं. बायकूबी पयली दोन वर्सं दबून हुती."

"मग?"

आतून बायकोचा आवाज आला, "मग कळलं की काय हाय ते!"

आम्ही दोघंही हसलो. मी किती वर्षांनी असा हसलो ते सांगता येणार नाही. ज्याला मी डाग समजत होतो त्याच्यावर या माणसानं सगळं आयुष्य इभ्रतीनं काढलं होतं.

"तरी लिहू दे मला," शेवटी मी म्हटलं.

त्यानं विचार केला. "लिव. पर माझं नाव बदल."

तेव्हा वाचकहो, मारुती हे त्याचं खरं नाव नाही. नावाच्या बाबतीत मी पुन्हा तीच लबाडी करतोय. या खेपेला विचारून, एवढाच फरक.

जेवण झाल्यावर मारुती म्हणाला, "पर त्यो काय म्हणंल ते मला सांगता येत न्हाई."

"कोण?"

"बिरा. माझ्या रानात दरसाल त्याचीच मेंढरं बसायची."

मला कळेना. मग पुढची गोष्ट आली. मारुती परत आल्यावर पहिल्याच सुट्टीला भाकरी बांधून साताऱ्याच्या दवाखान्यात गेला होता. शिपायानं विचारलं असेल, कोण आलंय म्हणून सांगू? त्यानं आपलं नाव सांगितलं. त्याला अडचण नव्हती. ते त्याचंच होतं. बिरानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "त्यो तू न्हाईस."

"मीच हाय," मारुती म्हणाला. "गप ऱ्हा, न्हाईतर चषक जातुया."

बिरा इतका हसला म्हणे, की प्लास्टरमधला पाय ठणकला. मग पाय जुळेपर्यंत मारुती प्रत्येक सुट्टीला जात राहिला. पुढं बिराच्या घरची मेंढरं चाऱ्यासाठी कृष्णेकाठी उतरायची तेव्हा खतासाठी मारुतीच्याच रानात बसू लागली. मेंढरं बसवणं म्हणजे आमच्याकडं नुसता व्यवहार नसतो. त्या दिवसांत दोन घरांची चूल एक होते. माझ्या एका पायानं हे सगळं जुळवलं होतं आणि त्यात मी सोडून सगळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या मुलानं आम्हाला गाडीत घातलं. कोरेगाव मागं पडलं, ऊस संपत गेला, झाडं बुटकी झाली, माळ उघडा पडला. हवेतला मळीचा वास कधी गेला ते कळलं नाही. वाटेत एका बाजारगावात मी गाडी थांबवायला सांगितली आणि फळांच्या गाड्यापाशी उतरलो. मारुतीनं पिशवीत डोकावून बघितलं, पण काही विचारलं नाही. एरवी त्याला सगळं विचारायची सवय.

बिराचं घर डाळिंबाच्या बागेत आहे. दारात त्याची सून धान्य पाखडत होती. मारुतीला ओळखून हसली, पदर सावरला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, कोण आलंय म्हणून सांगू?"

मारुती बोलणार होता. मी त्याचा हात धरला. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. "मिरजेचा. म्हणावं, पाय मोडणारा आलाय."

ती दचकून आत गेली. आतून काठीचा आवाज आला नाही. मी तोच कान देऊन ऐकत होतो. बिरा आपल्या पायांनी चालत बाहेर आला. किंचित लचकत, पण चालत. केस सगळे पांढरे. डोळे तेच, चेंडू बघणारे.

मी लगेच बोलून टाकलं. "चेंडू गेलेला होता. मला दिसत होतं. तरी पाय टाकला."

"म्हाईत हाय," बिरा म्हणाला. "पाय माझाच हुता की."

मारुती खुदकन हसला. बिरा हसला नाही. खाटेवर बसला.

"त्येचा राग न्हाई मला. खेळात हुतं. न्हाई तरी आमचा म्हातारा मला मेंढरामागं न्यायलाच बसला हुता, खेळ सुटणारच हुता. पर तुमी आला न्हाईसा. दारात कुणी आलं की मी मान वर करून बघायचो. ह्यो यायचा, भाकरी घेऊन. ज्यानं काय केलं न्हाई त्यो यायचा. ज्यानं केलं त्यो न्हाई. त्येचा राग हाय."

'होता' नाही म्हणाला तो. 'हाय' म्हणाला.

आणि मला सांगायला नवल वाटतं, पण तिथंच माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. इतकी वर्षं मी मोडलेलं हाड आणि मारुतीचं डागाळलेलं नाव उचलून हिंडत होतो. हाड केव्हाच जुळलं होतं. नाव तर माझ्याकडं असताना होतं त्यापेक्षा झकास चाललं होतं. माझा खरा गुन्हा तेवढाच होता, जेवढं दवाखान्याच्या दारापासून त्याच्या खाटेपर्यंतचं अंतर. तेवढा मला उचलता येतो. तेवढं चालूनही जाता येतं, नवा गुडघा असला तरी.

मी पिशवीतली मोसंबी काढून खाटेवर ठेवली. बिरानं एक उचललं, हातात फिरवलं, नाकाशी नेलं. मग सरकून जागा केली. उशाकडं नाही, पायाकडं.

"बसा," म्हणाला.

मी बसलो. त्यानं धोतर वर करून नडगी दाखवली. जुळलेल्या जागी हाताला लागेल असा एक उंचवटा आहे. मारुती दारातच थांबला होता, एखाद्या शिपायासारखा.

"कसं वाटतंय आता?" मी विचारलं. आजाऱ्याला विचारतात ते.

बिरानं मोसंब्याची साल काढायला घेतली.

"बरं हाय आता," तो म्हणाला.